जातेच आहेस तर

आमचं घर गोंदियाच्या स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर आहे. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण ज्यांचे नातेवाईक चिचगडपासून सालेकशापर्यंत गावोगाव पसरलेत आणि त्यातल्या प्रत्येकाला नागपूर म्हणा, रायपूर म्हणा, गाडी पकडायला गोंदियालाच यावं लागतं, त्यांना यातली मेख बरोबर कळेल. आमचं घर म्हणजे आमच्या अख्ख्या खानदानाची वेटिंग रूम आहे. फरक एवढाच, की इथं जेवण मिळतं आणि उठा म्हणणारं कोणी नसतं.

लग्न होऊन या घरात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. नवरा राइस मिलमध्ये मशीनवर कामाला, दिवसभर बाहेर. त्यामुळं पाहुण्यांना गाडीत बसवून देण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडं आलं. आमच्याकडं पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. त्याची एक पिशवी आपण उचलायची, फलाटावर जायचं, डब्यात चढून त्याला जागा मिळवून द्यायची, मग उतरून खिडकीपाशी उभं राहायचं आणि गाडी हलली की हात हलवायचा. मी हे इतक्या वेळा केलंय, की स्टेशनवरचे चहावाले मला रेल्वेचं माणूस समजतात.

शिलाई मशीनवर बसलेली असताना कोणी आलं, की ब्लाउजची बाही तशीच सोडून मी उठायची. कोणी विचारलं तर सगळे एकमुखानं सांगतात, एवढी निःस्वार्थी बाई आमच्या घराण्यात दुसरी नाही. मी मान खाली घालून ऐकून घेते. ऐकायला बरं वाटतं, कशाला खोटं बोला?

पण आज खरं सांगून टाकते. सासूबाईंचा एक नियम होता, आणि त्या गेल्या तरी तो गेला नाही. घरी दोन टाक्या. मोठ्या टाकीत जाडा तांदूळ, तो घरच्यांसाठी. लहान टाकीत चिन्नोर, तो पाहुण्यांसाठी. चिन्नोर शिजायला लागला, की वास शेजारच्या गल्लीत जातो. पाहुण्यांना वाढून झालं की भांड्याच्या तळाशी जी खरवड उरायची ती माझी. म्हणून दारात कोणाची चप्पल वाजली की मला आधी आनंद व्हायचा तो खरवडीचा, आणि मग पाहुण्याचा. स्टेशनचंही तसंच. मला गाड्या बघायला आवडतात. बघण्यासाठी रिकामं जाता येत नाही, कोणाची तरी पिशवी हातात असावी लागते. म्हणून मी पिशव्या उचलल्या. याला लोकांनी सेवा म्हटलं, मी नाही म्हटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका चुलत दिराला नागपूरच्या गाडीत बसवून मी परत निघाले होते. शेजारच्या फलाटावर बल्लारशाकडं जाणारी पॅसेंजर उभी होती, अर्धी रिकामी. एका खिडकीच्या जागेवर ऊन पडलं होतं. कोणी बघत नाही असं पाहून मी आत चढले आणि त्या उन्हात जाऊन बसले. नुसतंच, दोन मिनिटं. तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि मी अशी धूम ठोकली, की उतरताना एक चप्पल डब्यातच राहिली. एका भल्या माणसानं ती खिडकीतून फेकली. घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं, आणि घरी आल्यावर रडू यायला लागलं. सव्वीस वर्षं मी गाड्यांना हात हलवला, पण आपल्या खुशीनं एकदाही बसले नाही. लग्नाला गेले, मयतीला गेले, मुलाला पुण्याला नोकरी लागली तेव्हा त्याची भांडीकुंडी पोचवायला गेले, शिवरात्रीला नागऱ्याला गेले. बसले तेव्हा मांडीवर कोणाचं तरी पोर होतं किंवा डोक्यात कसली तरी काळजी.

मी ठरवलं. पुढच्या मंगळवारी सकाळच्या त्याच बल्लारशाच्या गाडीनं नागभीडपर्यंत जायचं, खिडकीत बसून. दुपारच्या गाडीनं परत यायचं. हातात काही न्यायचं नाही, कोणाचं काही आणायचं नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"नागभीडले? नागभीडले आपलं कोन हाय?"

"कोनीच नाई."

"मंग कायले जाऊन राहिली?"

"खिडकीत बसाले."

त्यानं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं आणि म्हणाला, "खिडकी तं घरी भी हाय."

तो चेष्टा करत नव्हता, हीच तर पंचाईत. आमच्या लोकांना कारणाशिवाय प्रवास ही गोष्ट समजतच नाही. कोणी बॅग भरताना दिसलं की पहिला प्रश्न, काम काय? काम म्हणजे लग्न, मयत, दवाखाना, कोर्ट, परीक्षा किंवा देव. यातलं काहीच नसेल तर माणूस काहीतरी लपवतोय. आमचे पूर्वज माळव्यातून इथं आले असं मोठ्या अभिमानानं सांगतात. मला राहून राहून वाटतं, त्या वेळी त्यांच्यात आमच्यासारखं कोणी असतं आणि त्यानं 'काम काय?' विचारलं असतं, तर सगळे अजून तिकडंच बसले असते.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, रिपोर्ट काय आला?"

"कायचा रिपोर्ट?"

"मला बाबांनी सांगितलं. नागभीडला कोणी डॉक्टर आहे का? खरं सांग, मी रजा टाकून येतो."

मी त्याला समजावलं की मला काही झालेलं नाही, मी धडधाकट आहे. त्यावर तो हळूच म्हणाला, "मग बाबांशी भांडलीस का?" आपल्या पोटचा पोरगा, एवढ्या मोठ्या कंपनीत नोकरीला, आणि आई एक दिवस खिडकीत बसणार म्हटल्यावर त्याला दोनच गोष्टी सुचल्या, आजार नाहीतर भांडण.

आता कारण सापडत नाही म्हटल्यावर लोक मला कारण पुरवायला लागले. आमच्याकडं कोणी कुठं निघालं की 'जातेच आहेस तर' म्हणून त्याच्या हाती काहीतरी देतात. रिकाम्या हातानं जाणारा माणूस दिसला की आमच्या लोकांचा जीव तुटतो, एवढा प्रवास वाया जाणार म्हणून. शेजारच्या भाभी हिंदीवाल्या, स्वभावानं गोड. त्या पापड-कुरड्यांनी गच्च भरलेली थैली घेऊन आल्या. "भाभी, जा ही रही हो तो वडसा में मेरी बेटी को दे देना. वो स्टेशन पे आ जाएगी, आपको बस दरवाजे पे खड़े रहना है." म्हणजे वडसा येईपर्यंत मी दारात, आणि माझी खिडकी दुसऱ्याला.

सोमवारी चिचगडहून नणंद आली. मोठी नणंद, मी तिला बाई म्हणते. मंगळवारी दुपारी तिची नागपूरची गाडी. तिनं पिशवीतून नारळ आणि ब्लाउजपीस काढून माझ्यापुढं ठेवला.

"जाऊनच राहिली तं ब्रह्मपुरीले उतर. आमच्या पोट्ट्यासाठी एक पोरगी सांगून आली हाय. घर स्टेशनजवरच हाय. पाहून घे, चहा पी, मागच्या गाडीनं नागभीडले जाय."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. या प्रांतात याला हो समजतात.

संध्याकाळी नवरा मिलमधून आला तो हातात एक पुडकं घेऊनच. नव्या तांदळाचा नमुना. "नागभीडले माहा दोस्त हाय. त्याले एवढं देऊन दे. स्टेशनच्या बाहीर निघाली की डाव्या हाताले चार दुकानं सोडून." आठवड्यापूर्वी नागभीडला आमचं कोणी नव्हतं. आता तिथं ह्यांचा जिवाभावाचा दोस्त निघाला होता.

पुडकं त्यानं दारापाशी ठेवलं. तिथं आधीच भाभींची थैली होती, तिच्याशेजारी नारळ आणि ब्लाउजपीस. माझी स्वतःची पर्स त्या ढिगाखाली दबून गेली होती, तिचा नुसता पट्टा बाहेर दिसत होता. त्या पट्ट्याकडं बघून माझं डोकं फिरलं. मला राग लवकर येत नाही, पण आला की पायांपासून येतो. मी थैली उचलली आणि थेट भाभींकडं गेले. "भाभी, मैं नहीं ले जाऊँगी. मुझे दरवाजे पे खड़ा नहीं रहना, खिड़की में बैठना है." भाभी म्हणाल्या, "अच्छा, ठीक है. परसों भतीजा जा रहा है, उसके हाथ भेज दूँगी." संपलं. एवढंच. मी सव्वीस वर्षं ज्या गोष्टीला भीत होते ती एवढीशी निघाली, हे पाहून मला आणखीच राग आला.

घरी येऊन मी नारळ बाईच्या पिशवीत परत घातला. "पोरगी तुमी पाहा. सून तुमची येनार हाय." मग मी पुडकं नवऱ्यासमोर धरलं.

"लहानसंच तं हाय," तो म्हणाला.

"लहान हाय तं तुमीच न्या ना कवातरी."

रात्री तो मुकाट्यानं जेवला, आणि सकाळी मी चूल पेटवायच्या आत चहा न घेता मिलमध्ये निघून गेला. आमच्या घरात आरडाओरडा होत नाही, चहा सोडला जातो. तो न प्यायलेला चहा मला फार लागला. वाटलं, राहू दे, नको जायला, कोणाला दुखवून मिळालेल्या खिडकीत काय सुख असणार? पर्स हातात घेऊन मी चांगली पाच मिनिटं ओट्यापाशी उभी होते.

मग मी लहान टाकीचं झाकण उघडलं.

घरात एक पाहुणी होती म्हणा, पण तिच्यासाठी मी भाजी-पोळी आधीच करून झाकून ठेवली होती. चिन्नोर मी माझ्यासाठी टाकला. दोन मुठी. वास सुटला तशी बाई बाहेरच्या खोलीतून उठून आली. मी भात डब्यात भरत होते, वर लाखोरीच्या डाळीचं घट्ट वरण आणि लोणच्याची फोड.

"कोनासाठी वं?"

"माह्यासाठी."

बाईनं टाकीकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तिच्या आईची टाकी ती. "माय अस्ती तं काय म्हन्ली अस्ती? तू तं भल्ली मतलबी झाली."

मतलबी हा शब्द आमच्याकडं साधा नाही. एखादीला आळशी म्हणा, भांडकुदळ म्हणा, ती दोन दिवसांत विसरेल. मतलबी म्हटलं की ते नावापुढं चिकटतं. मी डब्याचं झाकण लावलं, बाईच्या पाया पडले आणि निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत डोळे भरलेले होते. टोकावर पोचल्यावर लक्षात आलं, की दोन्ही हात मोकळे हलताहेत. एका खांद्याला पर्स, तिच्यात डबा, बस. मी जवळजवळ पळतच स्टेशन गाठलं.

गाडीत शिरले आणि बघते तर काय, माझ्या खिडकीत एक म्हातारी बसलेली. दुसऱ्या खिडक्याही भरलेल्या, आणि ऊन याच बाजूला. लुगडं गुडघ्यापर्यंत, हातांवर गोंदण, पायाशी जवळजवळ रिकामी टोपली, तळाला ओंजळभर शिंगाडे. अर्जुनीकडच्या जंगलपट्ट्यातली असावी. मी तिच्याशेजारी टेकले. गाडी सुटली. मी मान लांब करून तिच्या खांद्यावरून बाहेर बघायला लागले. शेवटी धीर करून म्हटलं, "मावशी, मले खिडकी पाह्यजे होती."

"काऊन? उलटी होते काय?"

"नाई. बाहीर पाहाले."

"मी भी तेच करून राहिली," ती म्हणाली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. जागची तसूभर हलली नाही. मला हसूच फुटलं. माझ्या आयुष्यात मला इतकं सरळ नाही कोणी म्हटलं नव्हतं आणि त्याचं इतकं कमी वाईटही वाटलं नव्हतं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "अर्जुनीपावतर माही. मंग तुही. मी अर्जुनीले उतरतो."

सौदा पक्का झाल्यावर ती बोलती झाली. कुठं चाललीस, तिनं विचारलं. नागभीडला. काम? मी छाती घट्ट करून सांगितलं, काही नाही. त्यावर ती नुसती "बरं हाय" म्हणाली, जसं काही कामाशिवाय लोक रोजच नागभीडला जातात. मग स्वतःचं सांगितलं. शिंगाडे विकायला ती गोंदियाला येते, रात्री लेकीकडं राहते, सकाळी परत. मी विचारलं, एवढ्या लांब कशाला, अर्जुनीच्या बाजारात शिंगाडे खपत नाहीत का?

"खपतेत ना. पन अर्जुनीच्या बाजारात पायी जा लागते." तिनं खिडकीच्या गजावर हात ठेवला. "रेलगाडीत बसाले भेटते मनून गोंदियाले येतो. पोरं मनतेत, बुढी लय मेहनत करून राहिली घरासाठी. मी मनतो, हो बापा."

मी इतकी जोरात हसले की समोरचा झोपलेला माणूस दचकून उठला. ही तर माझीच बहीण निघाली. हिची टोपली आणि माझ्या पाहुण्यांच्या पिशव्या, एकच माल. दोघींनी आपापलं सुख कामाखाली झाकून ठेवलेलं. तिचं झाकण जरा ढिलं होतं, एवढाच फरक.

बाहेर धानाची कापणी चालली होती. कुठं शेताच्या बांधीत कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, कुठं भारे बांधलेले. सौंदड मागं गेलं तशी मला भूक लागली. मी डबा उघडला आणि चिन्नोरचा वास गाडीच्या डब्यात पसरला. आजूबाजूच्या दोघातिघांनी माना वळवल्या. म्हातारीनं नाही वळवली, पण तिचं नाक हललं ते मला दिसलं.

आता रीत अशी, की शेजारी माणूस असताना डबा उघडला तर आधी त्याला विचारायचं. माझा हात सवयीनं पुढं झालाच. डब्याच्या झाकणावर निम्मा भात काढून मी तो तिच्यापुढं धरला आणि म्हटलं, "घ्या मावशी."

तिनं झाकणाकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. तोंडावर काय होतं कोण जाणे.

"मन हाय काय तुहं? मन असन तं दे. नाईतं खाय तू गपचूप."

मी झाकण धरून तशीच बसले. सव्वीस वर्षांत मी किती ताटं वाढली असतील, पण वाढताना तुझं मन आहे का, असं मला कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारलं. उत्तर लगेच आलं, आणि ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मलाच लाज वाटली.

"नाई, मावशी. आज मन नाई."

"मंग खाय," ती म्हणाली. रागानं नाही, तोंड वाकडं करून नाही. पोरीला म्हणावं तसं. मी झाकणावरचा भात परत डब्यात ओढला आणि खायला लागले. पहिले दोन घास नुसतेच गिळले. तिसऱ्या घासाला मात्र चिन्नोर लागायला लागला. भांड्याच्या तळाचा नाही, वरचा, मोकळा, प्रत्येक शीत वेगळं असलेला. सव्वीस वर्षं मी खरवडीलाच चिन्नोरची चव समजत होते. मी शेवटच्या शितापर्यंत खाल्लं, बोटं चाटली.

मी हात धुऊन आले तेव्हा म्हातारी टोपलीतले शिंगाडे लुगड्याला पुसत होती. तिनं मूठभर माझ्या ओटीत टाकले. मी नको नको म्हणायला लागले. मी तुम्हाला भात दिला नाही आणि तुमच्याकडून कसं घेऊ?

"भाताचा काय संबंध? माहं मन हाय, मी देऊन राहिली."

अर्जुनीला ती उतरली. उतरताना खिडकीच्या फळीवर हात थोपटून म्हणाली, "ये, बस आता." मी खिडकीत सरकले, शिंगाडे सोलत बसले आणि मनाशी बाईच्या त्या शब्दाचा हिशोब लावायला लागले. मतलबी म्हणजे नेमकं कोण? जी भात देत नाही ती? मग शिंगाडे देणारी म्हातारीही खिडकी देत नव्हतीच की. भात वाढून मनात खरवड मोजणारी मी जास्त मतलबी, का आज तोंडावर नाही म्हणणारी? मला एवढंच कळलं, की म्हातारीनं दिलेल्या त्या शिंगाड्यांचं माझ्या डोक्यावर काडीचं ओझं नव्हतं. मी वाढलेल्या भाताचं मात्र लोकांना कायम ओझं वाटत असेल, कारण मी ते वाटू देत आले होते. 'काही नाही हो, आमचं काय, जाडा भात पण चालतो' असं हसून म्हणायचं आणि समोरच्याचा घास अडकवायचा, यात मी पटाईत आहे. हे कळलं तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. पण बाहेर इतकं सुरेख ऊन होतं, की मी ते पुढच्या स्टेशनावर ढकललं, आणि पुढच्या स्टेशनावर विसरले.

वडसा आलं, तिथं कोणाची मुलगी थैलीसाठी उभी नव्हती. वडसा सुटल्यावर वैनगंगेचा पूल लागला. खाली रुंद पात्र, मधेमधे वाळू, काठाला एक डोंगा. मी गजांना तोंड लावून बघत होते आणि मला फार आनंद झाला होता. यापेक्षा चांगल्या शब्दांत सांगायला मला येत नाही. ब्रह्मपुरीला मी उतरले नाही, पोरगी पाहिली नाही. नागभीडला उतरले, उजव्या हाताला वळले, मुद्दाम, कारण डाव्या हाताला ह्यांचा दोस्त होता. एका टपरीवर दोन चहा प्यायले, एक माझा आणि एक नवऱ्यानं सकाळी सोडलेला. बाकावर बसून दोन तास कुत्री आणि माणसं बघितली आणि दुपारच्या गाडीनं परत निघाले. परतीतही खिडकी मिळाली.

गोंदिया जवळ आलं तसा सकाळचा धाक परत आला. बाईनं नागपूरला पोचून सगळ्यांना फोन केले असतील. घरात दिवा लागला असेल का? ह्यांनी काही खाल्लं असेल का? अबोला किती दिवस चालेल? संध्याकाळच्या दिव्यांत गाडी फलाटाला लागली आणि नळापाशी, जिथं मी नेहमी उभी राहते बरोबर त्याच जागी, नवरा उभा होता. मिलच्या कोंड्यानं भरलेले कपडे, तसाच. प्रत्येक डब्यात वाकून बघत होता.

मी उतरून धावतच गेले.

"काय झालं? बाईले काई झालं काय?"

"नाई. बाई ऑटो करून गेली, एकटीच. तू नोहोती मनून मी येतो मनलं, तं ती मले मने, तू कायले येतं, मी जातो. फलाटावर भजे खाल्ले मने तिनं. फोनवर सांगत होती." त्यानं बाहीवरचा कोंडा झटकला. "अन् विचारत होती, पुढं तू कवा जानार हाय, तिले भी याचं हाय मनून."

"तिचं काय काम?"

"काईच नाई मने."

मला हसायला आलं, पण धाक गेला नव्हता. "मंग कोनी पावने येनार हायेत काय आता? कोनाले उतरवून घ्याले आले?"

"नाई."

"पुडकं द्याचं राहलं तं..."

"अवं, नाई ना." तो इकडं तिकडं पाहायला लागला. सामान उचलायला त्यानं सवयीनं हात पुढं केला होता, पण माझ्याकडं सामानच नव्हतं. हाताचं काय करावं ते त्याला कळेना. या फलाटावर मी किती माणसांना सोडलं आणि किती जणांना उतरवून घेतलं. पण गाडीतून उतरल्यावर माझ्यासाठी कोणी उभं आहे, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं होतं.

"मंग काऊन आले?" मी विचारलं.

त्यानं बराच विचार केला. कारण सापडत नव्हतं, आणि कारणाशिवाय त्याला बोलताही येत नव्हतं.

"असंच," तो शेवटी म्हणाला. "काई काम नोहोतं."

मी पर्समधून रिकामा डबा काढून त्याच्या त्या पुढं केलेल्या हातात दिला.